माडाचे वय आणि मंजुरीची मुदत

रत्नागिरी शहरातून पावसच्या रस्त्याने निघालेल्या माणसाला काजळी नदीच्या मुखाजवळचा पूल ओलांडताच भाट्याचा लांबट किनारा, त्याच्या कडेचे सुरूचे बन आणि ओळीने उभे असलेले माड दिसू लागतात. या माडांपैकी बरेचसे ज्या प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राचे आहेत, ते १९५५ साली स्थापन झाले, पुढे १९७२ साली दापोलीस कोकण कृषी विद्यापीठ निघाल्यावर त्याच्या अखत्यारीत आले, आणि आज जिल्ह्यातील बागायतदार त्यास ओळखतात ते मुख्यतः 'लाखी बागे'मुळे, म्हणजे माडांच्या सावलीत मिरी, जायफळ, दालचिनी, अननस अशी आंतरपिके घेऊन एकाच जमिनीतून अनेक उत्पन्ने काढण्याच्या पद्धतीमुळे. याच केंद्राने 'प्रताप' हा वाण दिला आणि 'कोकण भाट्ये कोकोनट हायब्रीड-१' हा संकरही दिला. वाणाचे नाव प्रसिद्ध होते, रोपे विकली जातात, मेळाव्यांतून त्याची वाखाणणी होते. परंतु तो वाण सिद्ध होण्यास किती काळ लागला आणि तो काळ कोणाच्या आयुष्यातून खर्ची पडला, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

माडाचा संकर करणे हे मोठ्या चिकाटीचे काम आहे. संकरासाठी निवडलेल्या ठेंगण्या मादी-माडावर पाडेली चढतो, नुकत्याच उमललेल्या पोयीवरील सारी नरफुले काढून टाकतो, तळाशी असलेली मादीफुले तेवढी राखून पोयीला पिशवी बांधतो. मग दुसऱ्या, उंच जातीच्या माडावरून आणलेले, वाळवून चाळलेले पराग ती मादीफुले ग्रहणक्षम असतील त्या मोजक्या दिवसांत त्यांवर पुन्हापुन्हा सोडावे लागतात. आणि कोणत्या माडाच्या कोणत्या पोयीवर, कोणत्या तारखेस, कोणाचे पराग पडले याची नोंद त्याच दिवशी वहीत झाली नाही, तर पुढची सारी मेहनत पाण्यात जाते. त्यानंतर नारळ पिकायला अकरा-बारा महिने लागतात, रुजून लावणीजोगे रोप व्हायला आणखी जवळजवळ वर्ष जाते, संकरित माड धरायला चार-पाच वर्षे आणि उंच जातीचा माड धरायला सहा-सात वर्षे लागतात. आणि माडाचे उत्पन्न एका वर्षी चढते, दुसऱ्या वर्षी उतरते, म्हणून त्याच्या खऱ्या सरासरीचा अंदाज येण्यास त्यापुढेही कित्येक हंगाम मोजीत बसावे लागते. एका संकराविषयी शास्त्रज्ञाने छातीठोक विधान करावे, यासाठी दहा-पंधरा वर्षे ही काही अतिशयोक्ती नव्हे.

उलटपक्षी, शासनाने मंजूर केलेल्या संशोधन प्रकल्पाची मुदत बहुधा तीन वर्षांची असते.

ही विसंगती निभावून नेण्यासाठी एक व्यवस्था आहे, आणि ती चांगली आहे. अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांत खर्चाचा तीन-चतुर्थांश हिस्सा भारतीय कृषि अनुसंधान परिषद देते व उरलेला राज्याकडून येतो. रत्नागिरीचे केंद्र ताडवर्गीय पिकांच्या अशाच प्रकल्पात सामील आहे, आणि म्हणूनच तेथील माड तीन वर्षांच्या मुदतीवर जगत नाहीत. परंतु या कायम पायावर जे नवे बांधकाम होते, म्हणजे एखाद्या जातीचा आनुवंशिक अभ्यास, अलीकडे कोकणातील माडांवर उतरलेल्या रुगोस चक्राकार पांढऱ्या माशीच्या नैसर्गिक शत्रूंचा शोध, पाण्याच्या व खतांच्या मात्रांचे प्रयोग, ते बहुतेक अल्पमुदतीच्या प्रकल्पांतून चालते. आणि त्या प्रकल्पांवर जो मनुष्य प्रत्यक्ष राबतो, तो पंचवीस-तीस वर्षांचा, पदव्युत्तर शिक्षण नुकतेच संपविलेला, कंत्राटी नेमणुकीचा तरुण किंवा तरुणी असते. प्राध्यापकांच्या नावे मंजुरी येते, यंत्र संस्थेच्या नावे खरेदी होते, आणि नोंदवही असते या तरुणाच्या हातात.

हा पैसा येतो कसा, हे थोडे समजून घेतले पाहिजे. मंजुरीच्या आदेशात रक्कम तीन वर्षांची लिहिलेली असली, तरी ती एकदम हाती पडत नाही. पहिला हप्ता येतो, त्याचा जमाखर्च लिहून उपयोगिता प्रमाणपत्र पाठवावे लागते, ते संस्थेच्या लेखाविभागातून, तपासनिसाच्या सहीने, वरच्या कार्यालयात पोचते, तेथे त्रुटी निघाल्या तर परत येते, आणि मग पुढचा हप्ता सुटतो. मार्चअखेरीस न खर्चलेली तरतूद बुडते अथवा परत करावी लागते. यंत्रासाठी, रसायनांसाठी, प्रवासासाठी आणि मनुष्यबळासाठी वेगवेगळी लेखाशीर्षे असतात व एकातील पैसा दुसऱ्यात वळवता येत नाही, त्यामुळे प्रयोगशाळेत लाखो रुपयांचे नवे यंत्र खोक्यात बंद पडलेले आहे आणि ते चालवू शकणाऱ्या मुलीचा मुशाहिरा मात्र पाच महिने थकलेला आहे, असे दृश्य आपल्या देशात मुळीच दुर्मीळ नाही. यात कोणा एका कारकुनाचा दोष नसतो. सार्वजनिक पैशाचा हिशेब चोख असलाच पाहिजे. परंतु हिशेबाची सारी दिरंगाई जिच्या पगारावर येऊन थांबते ती व्यक्ती त्या साखळीत सर्वांत तरुण आणि सर्वांत निराधार असते, एवढे मान्य करावे लागेल.

अनुदान 'बंद होणे' म्हणजे आपण समजतो ते नेहमी एखादे फर्मान निघून योजना रद्द होणे, असे नसते. तसेही घडते. अल्पसंख्य समाजांतील संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती केंद्र सरकारने २०२२-२३ पासून बंद केली; इतर योजनांशी तिची पुनरुक्ती होते, असे कारण संसदेत देण्यात आले. आमच्या किनाऱ्यावरील ज्या मुस्लिम घरांतून पदव्युत्तर शिक्षण घेणारी पहिलीच पिढी बाहेर पडत आहे, त्या घरांतील मुलींना त्या पुनरुक्तीचा आधार किती मोठा होता, हे त्यांनाच ठाऊक. परंतु याहून कितीतरी अधिक वेळा अनुदान बंद न होता केवळ उशिरा येते, अथवा पहिल्या तीन वर्षांनंतर त्याचे नूतनीकरण होत नाही, अथवा जागांची संख्या गुपचूप घटते. केंद्राच्या 'इन्स्पायर' योजनेतील अधिछात्रांना २०२४-२५ मध्ये कित्येक महिने वृत्तीवाचून काढावे लागल्याच्या बातम्या देशभर प्रसिद्ध झाल्या. आपल्या राज्यात बार्टी, सारथी व महाज्योती या संस्थांच्या संशोधक विद्यार्थ्यांना आपल्या हक्काच्या वृत्तीसाठी पुण्यात आणि मुंबईच्या आझाद मैदानात ठाण मांडून बसावे लागले. आंदोलनाच्या मांडवात गेलेला महिना प्रबंधाच्या मुदतीतून वजा होत नाही.

कोकणात या उशिराची किंमत आणखी वाढते, कारण येथील निसर्ग वर्षातून एकदाच दार उघडतो. रत्नागिरीभोवतीचे कातळसडे आठ महिने करपलेले असतात. जून ते सप्टेंबर या अवधीत त्यांच्यावर सीतेची आसवे, गेंद आणि इतर चिमुकल्या वनस्पतींचा गालिचा पसरतो व ओसरतो, आणि त्यांचा अभ्यास करणाऱ्याला प्रवासखर्चाचा हप्ता डिसेंबरात मिळाला तर त्याचा उपयोग शून्य. हापूसचा मोहोर, त्यावरील तुडतुडे व फुलकिडे, फळातील साका, या साऱ्यांची गाठ एका हंगामात एकदाच पडते. मिरकरवाडा बंदरात उतरणाऱ्या मासळीची अंडी धरण्याची अवस्था पाहावयाची, तर नमुने दर महिन्याला, न चुकता घ्यावे लागतात. दोन महिने खंड पडला की वर्षाचा आलेख फाटतो आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. रत्नागिरीत १९५८ पासून सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आणि १९८१ पासून शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आहे, त्यामुळे या प्रकारच्या अभ्यासाची येथे परंपरा आहे; आणि या परंपरेतील प्रत्येकास हे माहीत आहे की दप्तरात ज्यास 'तीन महिन्यांचा विलंब' म्हणतात, तो शेतात आणि समुद्रात पुऱ्या एका वर्षाचा असतो.

आता हे वर्ष कोणाचे गेले, ते पाहू. नेट परीक्षा उत्तीर्ण झालेल्या कनिष्ठ अधिछात्रास १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये व दोन वर्षांनी ज्येष्ठ झाल्यावर ४२,००० रुपये मिळतात. ही वृत्ती सामान्यतः पाच वर्षांत संपते. रक्कम वाईट नाही. परंतु ती वेळेवर मिळाली तरच ती पगार. आठ महिन्यांनी एकरकमी मिळाली तर मधल्या काळात खोलीचे भाडे आणि खानावळीचे देणे कोणाकडून तरी उसने घ्यावेच लागते, आणि ज्याच्या घरी उसने देण्याजोगे कोणी नाही तो सर्वांत आधी मोडतो. शासकीय कृषी शास्त्रज्ञाच्या परीक्षेस बसण्याची सर्वसाधारण वयोमर्यादा ३२ वर्षे आहे. महाविद्यालयांतील कायम जागा वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत, आणि दरम्यान हा डॉक्टरेट मिळविलेला मनुष्य तासिका तत्त्वावर, सगळे ज्यास 'सीएचबी' म्हणतात त्या नेमणुकीवर, तास मोजून शिकवीत राहतो, ज्यात सुट्टीच्या महिन्यांचा पैसाही नसतो. गावी गेल्यावर आजी विचारते, "बाळा, अजून किती वर्षं शिकायचं राह्यलंय?" आणि या प्रश्नाला देण्याजोगे उत्तर त्याच्यापाशी नसते, कारण ते उत्तर दिल्लीतील किंवा मुंबईतील एखाद्या फायलीत असते. मुलींच्या बाबतीत हा प्रश्न लग्नाच्या रूपाने येतो, आणि अधिक निकडीने येतो. मग एके दिवशी बँकेच्या परीक्षेचा अर्ज भरला जातो. बँकेची नोकरी सन्मानाची आहे. परंतु पोयीवरील परागांची ती वही आता ज्या हातात जाईल त्याला त्यातील खुणा उमगतीलच, याची शाश्वती राहत नाही.

तरुणपणी बसलेला हा एक धक्का पुढे भरून निघतो की नाही, याचा अभ्यास परदेशांत बारकाईने झालेला आहे. नेदरलँड्समध्ये नव्या संशोधकांना दिल्या जाणाऱ्या अनुदानाच्या निवडीत गुणांच्या रेषेच्या किंचित वर असलेले आणि किंचित खाली राहिलेले, म्हणजे योग्यतेत जवळजवळ समसमान असलेले, उमेदवार घेऊन २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, पुढील आठ वर्षांत वरच्यांनी खालच्यांच्या दुपटीहून अधिक अनुदान मिळविले; आणि यातील एक मोठे कारण हे की, एकदा नाकारले गेलेले पुढे अर्जच कमी करू लागले. अमेरिकेतील आरोग्य संशोधनाच्या अनुदानांवरील २०१९ च्या अभ्यासात थोडक्यात हुकलेल्यांपैकी दहा टक्क्यांहून अधिक माणसे त्या व्यवस्थेतून कायमची नाहीशी झाली. मात्र जे टिकले त्यांचे काम थोडक्यात जिंकलेल्यांपेक्षा पुढे सरस ठरले, आणि दुबळे आधीच गळून गेले एवढ्यावरून हा फरक पुरता उलगडत नाही, असेही अभ्यासकांना दिसले. या दुसऱ्या निष्कर्षाचा आधार घेऊन 'संकटाने माणूस घडतो' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला तो युक्तिवाद निष्ठुर वाटतो. टिकून राहण्यासाठी बुद्धी आणि जिद्द लागते तशीच घरची पुंजीही लागते, आणि जे गेले त्यांच्या हातून काय झाले असते याची मोजदाद कोणताही अभ्यास करू शकत नाही.

सरकारी खजिन्यातून तरुण विद्वानाची काही वर्षे विकत घेणे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. पेशव्यांच्या काळी पुण्यात वाटली जाणारी दक्षिणा १८१८ नंतर एल्फिन्स्टनने चालू ठेवली. पुढे कंपनी सरकारने नवी नावे लिहून घेणे थांबविले आणि त्या निधीतील शिलकीतून कालांतराने मराठी ग्रंथांना पारितोषिके व महाविद्यालयीन तरुणांना 'दक्षिणा फेलो' म्हणून वेतन मिळू लागले. पैसा एका पिढीच्या शास्त्र्यांकडून काढून दुसऱ्या पिढीच्या पदवीधरांकडे वळविला गेला, त्यात जुन्यांची जी हानी झाली तीही खरी होती व त्यांनी तिच्याविरुद्ध अर्जविनंत्या केल्या. परंतु त्या नव्या फेलोंमध्ये मालवणात १८३७ साली जन्मलेले आणि रत्नागिरीच्या शाळेत शिकलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. बावीस-तेविसाव्या वर्षी पोटाची चिंता न करता संस्कृताच्या अध्ययनास मिळालेली ती सवड नसती, तर पुढे रत्नागिरी हायस्कुलाचे मुख्याध्यापक म्हणून येथे परतलेला आणि त्यानंतर जगभर मान्यता पावलेला पंडित आपणांस लाभला असता की नाही, याविषयी मला दाट शंका आहे.

त्याच मालवणचे, १८८४ साली जन्मलेले, शंकर पुरुषोत्तम आघारकर मुंबईत शिकवीत असताना त्यांना सह्याद्रीतील गोड्या पाण्यात जेलीफिश सापडला, त्यायोगे कलकत्त्याच्या नेल्सन अॅनंडेल यांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले, आणि पुढे कलकत्ता विद्यापीठात रासबिहारी घोष यांच्या देणगीतून निघालेल्या अध्यासनावर त्यांची नेमणूक होऊन परदेशी अध्ययनाची तरतूद झाली. पहिल्या महायुद्धात जर्मनीत स्थानबद्ध होऊनही त्यांनी तेथे डॉक्टरेट मिळविली. निवृत्तीनंतर १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची उभारणी करून १९६० साली निधन होईपर्यंत त्यांनी तिचे संचालकपद मानद म्हणून सांभाळले. आज त्यांच्या नावाने चालणारी ती संस्था केंद्राच्या विज्ञान विभागाच्या अनुदानावर उभी आहे. दात्याच्या पैशावर काय घडू शकते याचे हे उत्तम उदाहरण आहे, आणि म्हणूनच दात्यांच्या भरवशावर किती विसंबावे हा प्रश्न येथेच विचारला पाहिजे. देशातील संशोधनास २०२३ ते २०२८ या पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपये मिळावेत म्हणून अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. त्यांपैकी केंद्राचा वाटा १४,००० कोटींचा आणि बाकीचे उद्योगादिकांकडून यावयाचे, अशी योजना आहे. भारताचा संशोधनावरील एकूण खर्च २०२०-२१ साली सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता, तर दक्षिण कोरिया व इस्रायल या देशांत तो चार टक्क्यांहून अधिक आहे; तेव्हा उद्योगांनी हात पुढे करावा हे योग्यच. परंतु पंधरा वर्षांनी फळ देणाऱ्या माडावर कोणती कंपनी पैसे लावील? कातळसड्यावरील गेंदाच्या जातीवर कोण लावील? ज्या संशोधनाचा लाभ सर्वांचा, आणि म्हणून कोणा एकाच्या नफ्याचा नसतो, त्याचा भार सरकारने उचलला नाही तर दुसरे कोणीही उचलणार नाही.

अमेरिकेत जाऊन हा प्रश्न सुटतो, असे मानणाऱ्या घरांचा २०२५ साली भ्रमनिरास झाला. तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने एप्रिल २०२५ मध्ये पदवीधर संशोधकांच्या वृत्ती आधीच्या वर्षाच्या जवळजवळ निम्म्यावर आणल्या, आरोग्य संशोधनाची अनेक अनुदाने मध्येच तोडली गेली, आणि मॅसॅच्युसेट्सच्या चॅन वैद्यकीय विद्यापीठाने दिलेले प्रवेश मागे घेतले. प्रतिष्ठानाच्या त्या वृत्ती परदेशी विद्यार्थ्यांना मुळातच मिळत नाहीत. आपली मुले प्राध्यापकांच्या अनुदानातून पगार घेतात, आणि ते अनुदान तुटले की एच-१बी परवान्यावरील मनुष्यास नवी नोकरी शोधण्यास बहुधा साठ दिवसांचा अवधी उरतो. पुण्यातील, चिपळुणातील, रत्नागिरीतील कितीतरी आईवडिलांचे रात्रीचे फोन या साठ दिवसांच्या हिशेबात गेले.

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राचे उदाहरण येथे सांगण्यासारखे आहे, कारण १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत तेही रत्नागिरी जिल्ह्याचेच होते. १९५७ साली ते निघाले. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून सिद्ध झालेला, साक्यापासून मुक्त असलेला 'रत्ना' १९८१ साली प्रसारित झाला. आणि त्याच 'रत्ना'चा पुन्हा हापूसशी संकर करून 'सिंधू' १९९२ साली आला. एका वाणाच्या खांद्यावर दुसरा वाण उभा आहे, आणि त्या दोहोंमध्ये कलमे बांधणाऱ्या, मोहोर मोजणाऱ्या, फळे कापून पाहणाऱ्या माणसांच्या एकाहून अधिक पिढ्या आहेत. मधली एखादी पिढी मुशाहिऱ्याअभावी पांगली असती, तर 'सिंधू' राहून गेला असता.

यावर उपाय अवघड नाहीत. दोन हप्त्यांमधील अंतरात अधिछात्राचा मुशाहिरा संस्थेने तसलमात म्हणून द्यावा आणि हप्ता आल्यावर तो वळता करून घ्यावा, एवढी मुभा मिळाली तरी पुष्कळ काम होईल. दहा अधिछात्रांच्या सहा महिन्यांसाठी ही रक्कम आजच्या दराने २२,२०,००० रुपये होते, आणि ती बुडणारी नसून फिरती असते. दुसरी गोष्ट त्याहूनही स्वस्त आहे. किती प्रकल्प मंजूर झाले आणि किती कोटी वाटले गेले, याचे तक्ते दरवर्षी छापले जातात. अनुदान थांबल्यामुळे किती तरुण संशोधन सोडून गेले, याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. प्रत्येक अधिछात्राचा रुजू अहवाल आणि कार्यमुक्तीचा आदेश विद्यापीठाकडे असतोच. त्या दोन कागदांच्या मध्ये एक रकाना वाढवून कार्यमुक्त होणाऱ्यास विचारावे की, तो कोणत्या महिन्यात गेला, त्या दिवशी त्याची किती वृत्ती थकलेली होती, कोणता प्रयोग अर्धा राहिला, आणि त्याची नोंदवही त्याने कोणाच्या स्वाधीन केली.